बिननवसाचा बैल

आमच्या बैलांना चाकं असतात असं मी पुण्याकडून आलेल्या एका पाहुण्याला सांगितलं, तेव्हा तो इतका हसला की हातातला चहा बशीत सांडला. मी म्हटलं, भाऊ, चाकं नसली तर तो चालेल कसा? त्यावर तो आणखी हसला. तेव्हापासून मी शहाणा झालो. विदर्भाबाहेरचा माणूस भेटला की आधी तान्हा पोळा म्हणजे काय ते सांगून टाकतो आणि मग धंद्याचं बोलतो.

पोळ्याला शेतकरी बैल सजवतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा भरतो. पोरं आपापले लाकडी बैल सजवतात, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरू, शिंगांना बेगड. दोरीनं ओढत ते मैदानात आणतात, तोरणाखाली रांगेत उभे करतात. पूजा होते, बक्षिसं होतात, आणि मग पोरं बैल घेऊन दारोदार निघतात. बाया त्या लाकडी बैलाच्या पायांवर पाणी घालतात, कपाळाला कुंकू लावतात आणि पोराच्या हातावर काहीतरी ठेवतात. त्याला बोजारा म्हणायचं. कोणी नाणं देतं, कोणी चॉकलेट. माझ्या लहानपणी एक आजी प्रत्येकाला मूठभर फुटाणे द्यायची, आणि पोरं तिच्या दारी सगळ्यांत शेवटी जायची.

ते बैल बनवणारा मी. समुद्रपूरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान आहे. पोट भरलं ते दारं, खिडक्या आणि दिवाणांवर, पण गावात मला कोणी दारंवाला म्हणत नाही. मी 'बैलवाले मिस्त्री'. आता दुकान मुलगा पाहतो. श्रावण लागला की मी माझी वाकस-पटाशी अशी हत्यारं घेऊन कोपऱ्यात बसतो, आणि पोळा होईपर्यंत घरचे लोक मला जेवायला बोलावून बोलावून थकतात.

काम सांगतो. बैलाचं अंग सागवानाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचं आणि चाकं बाभळीची. सागवान दिसायला देखणं, पण दगडगोट्यांतून फरफटत जायचं काम बाभळीनंच करावं. शिंगं वेगळी घडवायची आणि भोक पाडून बसवायची, कारण तुटतात ती आधी शिंगंच. चाकाचं भोक थोडं सैल ठेवायचं. नवशिका सुतार ते कसून बसवतो, मग हवा ओली झाली की लाकूड फुगतं आणि बैल ऐन मैदानात अडून बसतो. मागे पोरगं रडतं, त्याच्या मागे त्याचा बाप माझ्या नावानं शिव्या देतो. डोळे मात्र सगळ्यांत शेवटी काढायचे. आधी काढले तर उरलेलं काम होईपर्यंत बैल आपल्याकडे पाहत बसतो, असं माझे वडील म्हणायचे. मी तेव्हा हसायचो. आजही डोळे शेवटीच काढतो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका पोराला मी मोठ्या हौशीनं बैल करून दिला, तर ते दुसऱ्या दिवशी रडत परत आलं. बाप म्हणाला, "मिस्त्री, याच्या डोक्यात काय शिरलं काय माईत, बैल चांगला नाई म्हंते." मी पोराला विचारलं. ते म्हणालं, "आमच्या ढवळ्याचं डावं शिंग तुटलेलं हाय. हा ढवळ्या नाई." तासभर घासूनपुसून केलेलं शिंग मला करवतीनं अर्धं कापावं लागलं. कापताना जीव तुटत होता, पण पोराचं तोंड पाहिलं आणि वाटलं, आता कुठं बैल पुरा झाला. दुसरा एक ठेकेदार. त्याला बंगल्याच्या हॉलमध्ये ठेवायला कमरेएवढा बैल हवा होता. सगळं ठरलं, आणि जाता जाता म्हणाला, चाकं नको, टाइल्सवर ओरखडे पडतात. बैल मी करून दिला, पैसेही घेतले. पण तो बैल मी माझ्या कामात धरत नाही.

या धंद्यात एक गोष्ट नेहमी पाहिली. पोरगं लहान असतं तोवर बैल दरवर्षी दुरुस्तीला येतो. चाक बदला, शेपटी लावा, रंग मारा. मग पोरगं सहावी-सातवीत जातं, आणि एका वर्षी बैल येत नाही. रस्त्यात पोराला विचारलं, "का बाबू, बैल नाई आनला?" तर ते इकडंतिकडं पाहतं आणि म्हणतं, "आता मोठा झालो ना मी." त्या दिवशी ते खरंच मोठं झालेलं असतं. बैल माळ्यावर जातो, कधी चुलीत. मला यात वाईट वाटायचं कारण नाही, जगरहाटीच आहे. तरी वाटतं. मी स्वतः तर तेवढंही लहानपण भोगलं नाही. सुताराचं पोर, त्यामुळे तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मी वडिलांशेजारी खिळे हातात घेऊन बसलेलो असायचो आणि दुसऱ्यांच्या बैलांची चाकं ठोकायचो. शेकड्यांनी बैल केले, एकही ओढला नाही.

म्हणूनच प्रवीणचं मला इतकं कौतुक.

प्रवीण आमच्या गल्लीच्या टोकाला राहतो, शांताबाईचा मुलगा. त्याचा बैल मीच केला, तो पहिलीत असताना. त्याचं नाव त्यानं हिरा ठेवलं आणि शिंगं निळी मागितली. मी म्हटलं, निळी शिंगं कुठं असतात का? तर म्हणाला, हिराची असतात. सहावी झाली, सातवी झाली, हिरा दुरुस्तीला येतच राहिला. प्रवीण दहावी झाला, मिशी फुटली, आयटीआय करून वायरमन झाला, आणि पोळ्याच्या आठ दिवस आधी बैल काखेत मारून दुकानात हजर. "काका, मागचं चाक लचकून राह्यलं." बाकीच्या पोरांचे बाप दुकानात बसलेले असत, त्यांच्यात हा एकटा स्वतःसाठी आलेला.

तान्ह्या पोळ्याला तो रांगेत उभा राहायचा, कमरेएवढ्या पोरांत. बक्षीस घ्यायचा नाही, ते लहानांचं. पण बैल ओढायचा, पोरांसोबत शर्यत लावायचा, हरला की खरंच चिडायचा, आणि मग दारोदार बोजारा मागायला निघायचा. मिळालेली चॉकलेटं पोरांशी भांडून वाटून खायचा.

आता कोणी म्हणेल, येडं असेल. अजिबात नाही. वादळात तार तुटून रस्त्यावर पडली तर लोकांना आवरत भर पावसात तिथं उभा राहणारा हाच. खांबावर चढला की खालच्या माणसाशी एक शब्द वायफळ बोलत नाही. आईचं दुखणंखुपणं, बहिणीचं लग्न, सगळं त्यानं एकट्यानं निभावलं. दारू नाही, आणि आमच्याकडे ज्याच्यावाचून माणसाचा दिवस उगवत नाही तो सुपारी-तंबाखूचा खर्राही नाही. लाइन बंद करून काम चाललेलं असलं की तारांत अडकलेले पतंग तो हळूच सोडवतो, खाली आणतो आणि पोरांना आधी सणसणीत झापून मग देतो. राग आला तर भडभड बोलतो आणि संध्याकाळी विसरून जातो. माझ्या दुकानात आला की एखाद्या हत्याराकडे बोट दाखवून विचारतो, "हे कसं चालते, काका?" ठाऊक नाही म्हणायची त्याला लाज नाही. मोठं होताना माणूस जे जे टाकून देतो, ते या पोरानं नोकरी सांभाळून, घर सांभाळून जसंच्या तसं ठेवलं. मला तरी हे जमलं नसतं.

गावाला मात्र त्याचं कारण हवं होतं. कारणाशिवाय गावाला चैन पडत नाही. कोणी म्हणायचं, लहानपणी ताप डोक्यात गेला. कोणी म्हणायचं, बाप लवकर गेला ना, त्याची आठवण धरून बसला. शेवटी एकदा मीही विचारलं. तो चाकात तेल सोडत होता.

"प्रवीण, खरं सांग, काऊन करतं तू हे?"

त्यानं मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याला पाणी का पितोस असं विचारलं होतं.

"मजा येते, काका."

एवढंच. मला वाटलं होतं काही खोल निघेल. काही नव्हतं.

गेल्याच्या गेल्या वर्षी कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. उतारावरून प्रवीण बैल घेऊन पळतो आहे, मागे पोरांची फौज, आणि तो तोंड फाडून हसतो आहे. त्यावर लिहिलं, 'बत्तीस वर्षांचं बाळ'. व्हिडिओ मोबाइलमोबाइलवर फिरला. त्या हिवाळ्यात प्रवीणची जमत आलेली सोयरीक मोडली, मग दुसरीही. मुलीकडचे स्पष्ट काही बोलत नव्हते. पत्रिकेचं कारण सांगायचे. शांताबाई समजायचं ते समजल्या.

यंदा पोळ्याच्या आधी एका दुपारी त्या दुकानात आल्या, पदराखाली पोतं. पोत्यात हिरा.

"मिस्त्रीभाऊ, पाया पडतो तुमच्या. हे धूड माळ्यावर टाका, अन् प्रवीणनं विचारलं तं सांगा, चाकं सडली, आता होत नाई. तळेगावची पोरगी आली हाय सांगून. नर्स हाय, समजदार हाय. ह्याही वेळी मोडलं तं माह्या पोराचं लगन होत नाई."

त्यांचे डोळे भरून आले होते. बाईला नाही कसं म्हणावं? मी पोतं माळ्यावर ठेवलं. पण खोटं बोलायचं मी कबूल केलं नाही, तेवढ्यानं मला वाटत राहिलं की मी फार सज्जन आहे.

आमच्याकडे सोयरीक करण्याआधी मुलीचा बाप चौकशी करतो. ती नातेवाइकांत करत नाहीत. न्हावी, किराणावाला, मिस्त्री, असल्यांकडे करतात, कारण आम्हाला खोटं बोलून मिळायचं काही नसतं. चारच दिवसांनी तळेगावचे वामनराव माझ्या दुकानात येऊन बसले. स्वतःचं किराणा दुकान असलेला माणूस, प्रत्येक शब्द तोलून टाकणारा. मुलीची मावशी आमच्याच गावात दिलेली, तिच्याकडे आल्याचं निमित्त. एक पोळपाट हातात घेऊन उलटसुलट करत त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"पोरगा पितो?"

"नाई जी."

"खर्रा?"

"नाई."

"ड्यूटीवर कसा?"

"खांबावर चढला तं उतरेपर्यंत मी माहा श्वास धरतो. तो नाई धरत."

वामनराव हसले नाहीत. त्यांची नजर वर गेली होती. पोत्याच्या फाटक्या तोंडातून दोन निळी शिंगं बाहेर आली होती.

"व्हिडिओतला बैल ना हा?"

मी म्हटलं, हो. लपवून काय करणार होतो?

त्यांनी पोळपाट बाजूला ठेवला. मग आवाज खाली आणून, मला वाट करून दिल्यासारखं म्हणाले, "नवस हाय का त्याचा काही? मायनं बोलला असन. नवस असन तं आमचं काही म्हननं नाई. समजून घेऊ आमी."

आता हे बाहेरच्या माणसाला समजावं म्हणून सांगतो. नवस म्हटला की आमच्याकडे सगळं चालतं. मोठा माणूस अनवाणी फिरो, दाढी वाढवो, लोटांगण घालत जावो, कोणी हसत नाही. देवाच्या नावानं काही केलं की ते मोठेपण, आणि तेच स्वतःच्या आनंदासाठी केलं की येडेपण. एक शब्द हो म्हटलं असतं तर सोयरीक तिथंच जमली असती. शब्द जिभेच्या टोकावर आला होता. मी म्हणालो, "ते तुमी त्यालेच विचारा."

वामनराव पोळपाट न घेताच गेले.

शांताबाईंना मी हे सांगितलं, तर त्यांचा चेहरा उजळला. "नवस! अवो, हे आपल्याले सुचलंच नाई!" त्या तशाच घरी पळाल्या. संध्याकाळी आईकडून सगळं ऐकून प्रवीण आला. त्यानं वर पाहिलं, शिडी लावली, पोतं उतरवलं आणि बैलाची चाकं फिरवून पाहिली. आईवर रागावला नव्हता. मला म्हणाला, "चाकं तं चांगली हायेत, काका."

"बस इथं," मी म्हटलं. "पोरगी चांगली हाय. बाप इचारन, नवस हाय का. हो म्हन. एका शब्दानं कोनाचं वाईट होत नाई."

"पन नाई ना नवस."

"अरे, देवाले काय फरक पडते?"

"देवाले नाई पडत. मले पडते." तो हिराच्या पाठीवरची धूळ हातानं पुसत होता. "ह्या वर्षी नवस म्हनलं, तं दरवर्षी नवस म्हनूनच ओढा लागन. मंग मजा कायची येते?"

मी चाकाला तेल दिलं, शिंगांवर निळ्या रंगाचा नवा हात मारला, आणि लग्न मोडणार हे मनाशी धरून चाललो.

तान्ह्या पोळ्याला मी मैदानाच्या कडेला माझी हातोडी आणि जादा चाकं घेऊन बसलो. तोरणाखाली पोरं दाटली होती. त्यांच्यात प्रवीण, इस्त्रीचा शर्ट घातलेला, हिराला झूल चढवलेली. शर्यतीत तो एका तिसरीतल्या पोरीकडून हरला आणि तिनं ओळ मोडली म्हणून वाद घालत बसला. ते पाहून मला हसू आलं आणि काळजीही वाटली, कारण पलीकडच्या ओट्यावर मावशीच्या दारात वामनराव उभे होते. शेजारी त्यांची मुलगी वैशाली, साध्या साडीत, हाताची घडी घालून. ती सगळं पाहत होती.

बोजाऱ्याला पोरं निघाली तसा प्रवीणही निघाला. त्याला एक घर टाळता आलं असतं. पण रांगेत येतं ते घर तो टाळत नसे, आणि मावशीचं घर रांगेत होतं. मी हत्यारं टाकून मागोमाग गेलो. शांताबाई गर्दीत होत्या, पदराचं टोक दातांत धरून.

हिरा दारापुढे थांबला. मावशीला काय करावं सुचेना, होणारा जावई लाकडी बैल घेऊन दारात. वामनराव एक पायरी खाली उतरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "काऊन जी, नवस हाय का हा तुमचा?"

एका टारगटानं मोबाइल वर धरला. शांताबाई गर्दीतून मुलाकडे पाहून जोरजोरात मान हलवत होत्या, हो म्हण, हो म्हण. प्रवीणनं आईकडे पाहिलं. त्या माउलीसाठी तो खांबावरून उडी मारेल, आणि इथं एक शब्द हवा होता.

"नाई जी," तो म्हणाला. "नवस-बिवस काही नाई. मले मजा येते."

कोणीतरी फिदीफिदी हसलं. वामनरावांचा चेहरा बंद झाला. वैशाली वळून आत निघून गेली. शांताबाई तिथंच शेजारच्या ओट्यावर मटकन बसल्या. मला त्या क्षणी प्रवीणचा अभिमान वाटला आणि त्याच्या थोबाडीत मारावीशीही वाटली, दोन्ही एकदम.

प्रवीणनं दोरी गुंडाळली आणि बैल वळवायला घेतला.

"थांबा," आतून आवाज आला.

वैशाली बाहेर आली, एका हातात पाण्याचा गडू, दुसऱ्या हातात कुंकवाची वाटी. ती पायऱ्या उतरून खाली बसली. घाई न करता तिनं हिराच्या चारही पायांवर पाणी घातलं. सुतार म्हणून सांगतो, इतकं पाणी लाकडाला बरं नव्हे, पण त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही. तिनं दोन निळ्या शिंगांच्या मधोमध कुंकू लावलं, उठली, आणि प्रवीणच्या हातावर नाणं ठेवलं. त्यानं ते पोरांसारखं दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतलं. कान लाल झाले होते त्याचे.

वामनराव दबक्या आवाजात मुलीला म्हणाले, "बाई, नवस नाई म्हंते तो. ऐकलं ना तू?"

"ऐकलं, बाबा," ती म्हणाली. "नवस असता तं एक दिवस फिटून गेला असता. मंग बाकीच्यायसारखाच झाला असता हा."

वामनराव मुलीकडे पाहत राहिले. मग प्रवीणकडे, मग खाली त्या ओल्या बैलाकडे. शेवटी माझ्याकडे वळून, किराण्याचा हिशेब विचारावा तशा कोरड्या आवाजात त्यांनी विचारलं, "मिस्त्री, लग्नाचे पाट तुमीच करता ना?"